कंसातील बारा ओव्या: बायबलचे लेखक, बायबलचा पाठ आणि आपली श्रद्धा

योहानलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाची शेवटची ओवी आणि आठव्या अध्यायाच्या पहिल्या अकरा ओव्या अनेक आधुनिक बायबल आवृत्त्यांमध्ये चौकटी कंसात छापलेल्या असतात. खाली बारीक अक्षरांत तळटीप असते, की हा मजकूर सर्वांत जुन्या हस्तलिखितांमध्ये आढळत नाही. हा मजकूर कोणता, हे पाहिल्यावर भाविक थबकतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला शास्त्री व परुशी येशूपुढे आणतात, प्रभू खाली वाकून जमिनीवर बोटाने लिहितो, दगड घेऊन आलेले लोक वडीलधाऱ्यांपासून एकेक करून निघून जातात, आणि शेवटी तो व ती एवढीच उरतात. हा तो प्रसंग होय. आपल्या धर्मग्रामात पापनिवेदनावरील प्रवचनात याहून अधिक वेळा उद्धृत होणारा प्रसंग क्वचितच असेल.

मग प्रश्न सरळच उभा राहतो. हा उतारा योहानाने लिहिला नसेल तर तो देवशब्द कसा? आणि हा एक उतारा नंतर घातलेला असेल, तर बाकीच्या बायबलची हमी कोणी द्यावी? महाविद्यालयात जाणारी मुले हा प्रश्न घरी विचारतात. डॅन ब्राऊन यांची 'द दा विंची कोड' ही कादंबरी २००३ मध्ये आणि बार्ट एरमन या अमेरिकन अभ्यासकाचे 'मिसकोटिंग जीझस' हे पुस्तक २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून तो अधिक धीटपणे विचारला जाऊ लागला आहे. पहिल्या पुस्तकातील इतिहास कल्पित आहे व त्याला उत्तर देण्यात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. दुसऱ्यातील बरीचशी माहिती मात्र खरी आहे. म्हणूनच तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

हस्तलिखितांची साक्ष

नव्या कराराच्या कोणत्याही पुस्तकाची मूळ लेखकाच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. पपायरस या लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेल्या कागदावर ती पुस्तके लिहिली गेली, हाताळून झिजली आणि नष्ट झाली. आपल्यापाशी आहेत त्या नकला व नकलांच्या नकला. ग्रीक भाषेतील लहानमोठी अशी ५,००० हून अधिक हस्तलिखिते आज नोंदली गेली आहेत. त्यांपैकी काही संपूर्ण ग्रंथ आहेत, तर काही तळहाताएवढे तुकडे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. पपायरस ६६ व पपायरस ७५ या दोन अतिप्राचीन प्रती बऱ्याच अंशी टिकून आहेत. त्या इ. स. २०० च्या सुमारास किंवा तिसऱ्या शतकात लिहिल्या गेल्या असाव्यात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या दोन्ही प्रतींत सातव्या अध्यायाच्या बावन्नाव्या ओवीनंतर थेट आठव्या अध्यायाची बारावी ओवी येते. मध्ये काहीही नाही. चौथ्या शतकातील 'सिनाईटिकस' आणि 'व्हॅटिकानस' या चर्मपत्रावरील दोन महान ग्रंथांतही तीच स्थिती आहे. यांपैकी 'सिनाईटिकस'चा मोठा भाग १९३३ पासून लंडनमध्ये आहे. 'व्हॅटिकानस' निदान १४७५ पासून व्हॅटिकन ग्रंथालयात आहे, आणि पपायरस ७५ ही प्रतही २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात त्याच ग्रंथालयाला भेट म्हणून मिळाली. ख्रिस्तसभा गैरसोयीची कागदपत्रे दडवून ठेवते, असा आरोप अधूनमधून ऐकू येतो. या प्रकरणात गैरसोयीच्या पुराव्यांपैकी दोन सर्वांत मोठे पुरावे ख्रिस्तसभेच्याच ग्रंथालयात आहेत, जगभरचे अभ्यासक ते वाचतात, आणि कंसाची तळटीप कॅथोलिक बायबलांतही छापली जाते.

हा उतारा असलेली आपल्याला ज्ञात असलेली सर्वांत जुनी ग्रीक प्रत म्हणजे केंब्रिज विद्यापीठातील 'बेझा' नावाचा ग्रंथ. तो सुमारे इ. स. ४०० चा आहे. पुढे मध्ययुगातील बहुसंख्य ग्रीक प्रतींत उतारा येतो, पण तोही एका जागी स्थिर राहत नाही. काही प्रतींत तो योहानाच्या अगदी शेवटी जोडलेला आहे. हस्तलिखितांच्या एका गटात तर तो चक्क लूकच्या शुभवर्तमानात, एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी बसवला आहे. अनेक लेखनिकांनी ओव्यांच्या बाजूला समासात शंकेच्या खुणा करून ठेवल्या आहेत. लेखनिकाला कथा गाळावीशी वाटत नाही, पण ती नेमकी कोठली हेही त्याला ठामपणे सांगता येत नाही, असे ते दृश्य आहे.

भाषेचा पुरावाही याच दिशेचा आहे. 'शास्त्री व परुशी' ही जोडी मत्तय, मार्क व लूक यांच्यात वारंवार येते. योहानात ती फक्त येथेच आहे. जैतुनांच्या डोंगराचे नावही योहानात अन्यत्र नाही. संत जॉन क्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस योहानाच्या शुभवर्तमानावर ओळीने प्रवचने दिली, त्यांत या प्रसंगाचा उल्लेखही नाही. पूर्वेकडील बिझंटाईन उपासनेत पेन्टेकॉस्टच्या सणाला योहानाचा हा भाग वाचतात, तो आजही बावन्नाव्या ओवीवरून बाराव्या ओवीवर जातो.

एवढ्या पुराव्यानंतर, हा उतारा चौथ्या शुभवर्तमानाच्या मूळ रचनेत नव्हता, असे बहुतेक सर्व अभ्यासक मानतात. त्यांत कॅथोलिक अभ्यासकही आले. फादर रेमंड ब्राऊन हे विसाव्या शतकातील योहानाचे मोठे कॅथोलिक भाष्यकार होते व पोपमहोदयांच्या बायबल आयोगाचे सदस्यही होते. त्यांचेही मत हेच होते. आपल्याला वाटले म्हणून हे नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मग ही कथा आली कोठून?

येथे विषय अधिक रंजक होतो, कारण कथा योहानाच्या पुस्तकात नसतानाही ख्रिस्तसभेत होती.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेले बिशप पापियास यांना, अनेक पापांचा आरोप ठेवून प्रभूपुढे आणलेल्या एका स्त्रीची कथा ठाऊक होती, अशी नोंद इतिहासकार युसेबियस यांनी चौथ्या शतकात केली आहे. ती हीच कथा होती की तिच्यासारखी दुसरी, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. त्यानंतरचा पुरावा मात्र अधिक स्पष्ट आहे. तिसऱ्या शतकात सिरिया प्रांतात बिशपांच्या मार्गदर्शनासाठी लिहिलेली 'डिडास्कालिया' नावाची एक नियमावली आहे. पश्चात्ताप करून परत येणाऱ्या पाप्याला बिशपाने झिडकारू नये, असे सांगताना तिच्यात याच प्रसंगाचा दाखला दिला आहे. वडीलमंडळींनी स्त्रीला प्रभूपुढे उभे केले व निवाडा त्याच्यावर सोडून ते निघून गेले, आणि त्याने तिला दोषी ठरवले नाही. म्हणजे कथेचा आपल्याला सापडणारा पहिला निःसंदिग्ध उपयोग पाप्याला पुन्हा घरात घेण्याविषयीच्या उपदेशात झालेला आहे. कोणाच्या वादविवादात तो झालेला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अलेक्झांड्रियाचे अंध गुरू डिडिमस हेही चौथ्या शतकात ही कथा काही शुभवर्तमानांत असल्याचे सांगतात. त्यांचे हे भाष्य इजिप्तमध्ये तुरा येथे १९४१ मध्ये सापडले, तोपर्यंत त्याची कोणाला कल्पना नव्हती.

पश्चिमेकडे तर कथा सर्वपरिचित होती. ख्रिस्ती न्यायाधीशाने देहदंडाची शिक्षा द्यावी का, या प्रश्नाचे उत्तर देताना मिलानचे बिशप संत अँब्रोज हिचा आधार घेतात. संत जेरोम हे हस्तलिखितांचे मर्मज्ञ होते. अनेक ग्रीक व लॅटिन प्रतींत हा प्रसंग आढळतो, असे ते लिहितात, आणि आपल्या लॅटिन भाषांतरात त्यांनी तो ठेवला. म्हणजे आज आपल्याला न सापडणाऱ्या काही जुन्या प्रती त्यांनी पाहिल्या होत्या. संत ऑगस्टिन यांचा खुलासा वेगळाच आहे. आपल्या बायकांना पाप करण्याची मुभा मिळेल, या भीतीने अल्पश्रद्ध पुरुषांनी हा भाग आपल्या प्रतींतून काढून टाकला, असे ते म्हणतात. आजचे अभ्यासक हे कारण फारसे मान्य करीत नाहीत, कारण प्राचीन प्रतींत काटछाटीच्या खुणा दिसत नाहीत. पण ऑगस्टिन यांच्या वाक्यातून एक गोष्ट कळते: ही दया पुष्कळांना तेव्हाही जड जात होती. व्यभिचारासाठी वर्षानुवर्षे कठोर प्रायश्चित्त देणाऱ्या काळात, प्रभूने एका वाक्यात सोडून दिलेल्या स्त्रीची कथा कोणी मुद्दाम रचून शुभवर्तमानात घुसवली असेल, हे संभवत नाही. ती तोंडोतोंडी चालत आलेली जुनी आठवण असावी, आणि तिला कोठे ठेवावे हे न कळल्यामुळे ती हस्तलिखितांतून भटकत राहिली असावी. प्रस्तुत लेखकाला हे मत सर्वांत समाधानकारक वाटते. गणिताप्रमाणे ते सिद्ध करता येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

पाठभेद म्हणजे काय

एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत शब्द निराळे असले की त्याला पाठभेद म्हणतात. मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, तो पाठभेद वाढले होते म्हणूनच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तेव्हा १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. छापखाना येण्यापूर्वीचा कोणताही मोठा ग्रंथ याच वाटेने आपल्यापर्यंत आला आहे.

नव्या करारात सुमारे १ लाख ३८ हजार ग्रीक शब्द आहेत, आणि पाठभेदांची संख्या, निव्वळ शुद्धलेखनाचे फरक वगळूनही, ५ लाखांच्या आसपास जाईल असा अंदाज २०१६ मध्ये मांडण्यात आला. आकडा ऐकून छाती दडपते. पण प्रती जितक्या अधिक, तितके पाठभेद अधिक, हा साधा हिशेब आहे. ज्या ग्रंथाची एकच प्रत उरली असेल, त्यात एकही पाठभेद नसतो आणि त्यातील चूक पकडण्याचे साधनही नसते. शिवाय यांतील बहुसंख्य भेद शब्दांची अदलाबदल, 'येशू' ऐवजी 'येशू ख्रिस्त', सुटलेली ओळ अशा स्वरूपाचे असतात.

एका अक्षराने अर्थ बदलतो, असेही काही पाठभेद आहेत. येशूच्या जन्मरात्री देवदूतांनी गायिलेले गीत आपण 'ग्लोरिया'त म्हणतो. लूकच्या दुसऱ्या अध्यायातील या गीताच्या शेवटच्या ग्रीक शब्दाला अखेरचे 'स' अक्षर आहे की नाही, यावर शांती ही देवाला प्रिय असलेल्या, सदिच्छेच्या माणसांना आहे, की शांती व सदिच्छा या दोन्ही सर्व माणसांना आहेत, हे ठरते. 'सिनाईटिकस' ग्रंथात हे अक्षर आधी लिहिलेले होते व नंतर कोणीतरी ते काढून टाकले. आपल्या मिस्साग्रंथातील पाठ जुन्या हस्तलिखितांना धरून आहे. अशा स्थळांची संख्या मर्यादित आहे, ती सर्व माहीत आहेत आणि चांगल्या बायबलच्या तळटिपांत ती नोंदलेली असतात.

ख्रिस्तसभेने एक वाक्य सोडले आणि एक कथा ठेवली

पुरावा दुबळा असूनही ख्रिस्तसभा कंसातील या ओव्या का वाचते, हे समजण्यासाठी दुसरे एक प्रकरण शेजारी ठेवून पाहावे.

योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात साक्ष देणारे तिघे सांगितले आहेत: आत्मा, पाणी व रक्त. लॅटिन परंपरेत तेथे आणखी एक वाक्य शिरले. स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द व पवित्र आत्मा हे तिघे असून ते एक आहेत, अशा अर्थाचे ते होते. पवित्र त्रैक्याच्या शिकवणीसाठी याहून सोयीचे वाक्य कोणते? पण प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते नाही, आणि संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतराच्या सर्वांत जुन्या प्रतींतही ते नाही. इरॅस्मस यांनी १५१६ व १५१९ च्या आपल्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. टीका झाल्यावर व ते वाक्य असलेली एक अलीकडची ग्रीक प्रत पुढे आल्यावर १५२२ मध्ये त्यांनी ते घातले. १५९२ च्या अधिकृत लॅटिन बायबलात ते छापले गेले. १८९७ मध्ये रोमच्या धर्मकार्यालयाने या वाक्याच्या अस्सलपणावर शंका घेणे सुरक्षित नाही, असा निर्णय दिला. १९२७ मध्ये त्याच कार्यालयाने अभ्यासकांना संशोधनाची मोकळीक असल्याचे स्पष्ट केले. पुढे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'नोव्हा वुल्गाता' या अधिकृत लॅटिन बायबलमधून ते वाक्य गेले.

त्रैक्यावरील श्रद्धेचे यामुळे काय बिघडले? काहीच नाही. नायसियाच्या (३२५) व कॉन्स्टँटिनोपलच्या (३८१) परिषदांनी आपला श्रद्धेचा स्वीकार मांडला, तो या वाक्यावर उभा नव्हता.

त्याच 'नोव्हा वुल्गाता'त योहानाच्या आठव्या अध्यायातील स्त्रीची कथा मात्र कायम आहे. ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंट येथील परिषदेने बायबलची पुस्तके त्यांच्या सर्व भागांसह पवित्र व प्रमाण मानावीत असे ठरवले. ख्रिस्तसभेत वाचले जाणारे व जुन्या लॅटिन भाषांतरात असलेले ते भाग, असे तेथे म्हटले आहे. ही कथा लॅटिन ख्रिस्तसभेत शतकानुशतके वाचली जात होती. ती कोणी लिहिली, याचा निर्णय परिषदेने दिला नाही. म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत: अमुक मजकूर कोणाच्या लेखणीतून उतरला, हा एक, आणि तो ख्रिस्तसभेने देवशब्द म्हणून स्वीकारला आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हस्तलिखिते व भाषा यांच्या अभ्यासाने मिळते. दुसऱ्याचे उत्तर विद्वानांच्या मतांची मोजणी करून मिळत नाही. पवित्र आत्म्याच्या मार्गदर्शनाखाली प्रार्थना करणाऱ्या, वाचणाऱ्या व जपणाऱ्या ख्रिस्तसभेने ते दिले आहे.

लेखक कोण, याविषयी बायबलच काय सांगते

बायबल आकाशातून उतरले, अशी आपली शिकवण कधीच नव्हती. त्याच्या पानांवर लेखनाच्या खुणा जागोजागी आहेत. यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात संदेष्टा सांगतो व बारुख लिहून घेतो. राजा ती गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळतो. मग दुसरी गुंडाळी लिहिली जाते आणि तीत पहिल्यापेक्षा जास्त मजकूर घातला जातो. संत पौलाचे रोमकरांस पत्र लिहिणारा हात तर्तियाचा होता, आणि तो शेवटी स्वतःच्या नावाने नमस्कारही घालतो. लूक आरंभीच सांगतो की, त्याच्यापूर्वी अनेकांनी लिहिले आहे आणि त्याने सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेतला आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा कर्ता तर आणखी पुढे जातो. कुरेनेच्या यासोनाच्या पाच पुस्तकांचा हा संक्षेप करताना आपला घाम निघाला, असे तो सांगतो, आणि लेखन साधारण उतरले असेल तर आपल्याला एवढेच जमले, अशी कबुली देऊन निरोप घेतो. ईश्वरप्रेरित लेखक इतका माणसासारखा बोलतो!

इब्रीकरांस पत्राचा लेखक कोण, हे देवालाच ठाऊक, असे ओरिजेन यांनी तिसऱ्या शतकात म्हटले होते. तरीही ते पत्र नव्या करारात आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, हा शिष्य साक्ष देत आहे आणि त्याची साक्ष खरी आहे हे 'आम्हांस' ठाऊक आहे, असे म्हटले आहे. हे 'आम्ही' म्हणजे त्या शिष्याभोवतीचा श्रद्धावंत समाज. साक्ष एकाची, जपणूक अनेकांची, असे हे पुस्तक आहे.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'देई व्हेर्बुम' हा दस्तऐवज मंजूर केला. देवाने माणसे निवडली आणि त्यांची स्वतःची बुद्धी व शक्ती वापरू देऊन त्यांच्याकडून लिहून घेतले, म्हणून ती खरोखरीचे लेखक आहेत, असे त्यात सांगितले आहे. आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य नोंदवून हवे होते, ते पवित्र शास्त्र खात्रीने व बिनचूक शिकवते, हेही तेथेच आहे. शुभवर्तमाने तीन पायऱ्यांनी घडली, असे त्याच दस्तऐवजात मांडले आहे: प्रभूने केले व शिकवले, प्रेषितांनी पुनरुत्थानाच्या प्रकाशात ते घोषित केले, आणि मग लेखकांनी निवड व मांडणी करून लिहिले.

ख्रिस्तसभा या ठिकाणी सहज पोहोचली, असे मात्र म्हणता येणार नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये बायबलच्या अभ्यासावर परिपत्रक काढले आणि १९०२ मध्ये बायबल आयोग स्थापन केला. या आयोगाने १९०६ मध्ये, पंचग्रंथ मोशेने लिहिले नाहीत असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे उत्तर दिले. जेरुसलेममध्ये १८९० साली बायबल अभ्यासाची शाळा सुरू करणारे डॉमिनिकन फादर लाग्रांज हे ख्रिस्तसभेचे निष्ठावान पुत्र होते, तरी संशयाच्या त्या वातावरणात १९१२ मध्ये त्यांना काही काळ जेरुसलेम सोडावे लागले. त्यांनी आज्ञा पाळली आणि काम सोडले नाही. ३० सप्टेंबर १९४३ रोजी पोप पायस बारावे यांनी मूळ भाषा, हस्तलिखिते व साहित्यप्रकार यांचा अभ्यास करण्याचे आवाहन केले, तेव्हा लाग्रांज हयात नव्हते. १९४८ मध्ये आयोगाने पॅरिसच्या कार्डिनलना लिहिलेल्या पत्रात, आपली जुनी उत्तरे पुढील संशोधनाच्या आड येत नाहीत, असे कळवले. हा इतिहास लपवण्यात काही हशील नाही.

मग इतिहास महत्त्वाचा नाही काय?

ख्रिस्तसभेने स्वीकारले की झाले, घटना घडली की नाही याला महत्त्व नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. संत पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची साक्ष देताना, साक्षीदारांची नावे घेतो आणि ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असे बजावतो. हे पत्र पौलाचेच, याविषयी अश्रद्ध अभ्यासकही वाद घालत नाहीत. ते इ. स. ५५ च्या सुमाराचे आहे, आणि त्यात दिलेली साक्ष आपल्याला आधीपासून मिळालेली आहे, असे पौल सांगतो. श्रद्धेचा कणा अशा साक्षींवर आहे, एकेका हस्तलिखिताच्या समासावर नाही.

बार्ट एरमन यांनी आपल्या पुस्तकाच्या आरंभी स्वतःची हकिगत दिली आहे. बायबलचा शब्द न् शब्द देवाने जसाच्या तसा दिला आहे, त्यात तसूभर चूक असू शकत नाही, अशा शिकवणीत ते तरुणपणी वाढले. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात, दावीदाने समर्पित भाकरी खाल्ल्या तेव्हा अब्याथार महायाजक होता असे म्हटले आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात मात्र तेथे त्याचा पिता अहीमलेख आहे. ही विसंगती सोडवण्यासाठी त्यांनी मोठा निबंध लिहिला. प्राध्यापकांनी त्यावर शेरा दिला की, कदाचित मार्कची चूक झाली असेल. एवढ्या एका शेऱ्याने आतले बांधकाम हलू लागले. हा प्रसंग वाचताना त्या विद्यार्थ्याविषयी सहानुभूती वाटते. त्याच्या हाती दिलेली प्रेरणेची कल्पनाच काचेसारखी होती, तिला एक तडा पुरे होता. मत्तय व लूक यांनी हाच प्रसंग लिहिताना अब्याथाराचे नाव गाळले आहे. त्यांनाही अडचण जाणवली असावी, आणि तरीही ख्रिस्तसभेने मार्कचे शुभवर्तमान जसे होते तसे शेजारी ठेवले. शब्बाथ माणसासाठी आहे, हे त्या प्रसंगातील तारणाचे सत्य महायाजकाच्या नावावर अवलंबून नाही.

आपल्या घरांतील पुष्कळांची बायबलविषयीची कल्पना एरमन यांच्या तरुणपणीच्या कल्पनेपेक्षा फार वेगळी नसते. धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिल्या ख्रिस्तप्रसादापूर्वी जे ऐकले, तेवढ्यावरच वयाच्या चाळिशीत काम भागवायचे म्हटले, तर तळटीप वाचून धक्का बसणारच. मुलांच्या प्रश्नाला 'असे विचारू नये' हे उत्तर देऊ नये. ते पटत नाही आणि ते ख्रिस्तसभेचेही नाही.

सुझान्ना आणि एक जुने पत्र

बायबलच्या लेखकांविषयीचा प्रश्न आधुनिक काळाने निर्माण केला, असा समज आहे. इ. स. २४० च्या सुमारास ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती विद्वानाने ओरिजेन यांना एक पत्र लिहिले. दानीएलाच्या तेराव्या अध्यायातील सुझान्नेची कथा अस्सल नाही, असे त्याचे म्हणणे होते. दोन वडील न्यायाधीश निष्पाप सुझान्नेवर व्यभिचाराचा आळ घेतात. तरुण दानीएल त्या दोघांना वेगवेगळे करून, ते कृत्य कोणत्या झाडाखाली घडले, असे विचारतो, आणि त्यांची उत्तरे जुळत नाहीत. आफ्रिकानसने दाखवून दिले की, झाडांची नावे व दानीएलाने सुनावलेली शिक्षा यांच्यातला शब्दखेळ फक्त ग्रीक भाषेतच जमतो. मग ही कथा हिब्रूतून आली कशी? हा प्रश्न आजच्या कोणत्याही अभ्यासकाला शोभेल असा आहे. ओरिजेन यांनी रागावून पत्र फेकून दिले नाही. त्यांनी सविस्तर उत्तर लिहिले, काही मुद्द्यांवर अडचण मान्य केली आणि ख्रिस्तसभा ही कथा वाचत आली आहे, तेव्हा ती टाकू नये, असे मत दिले. दोन्ही पत्रे आजही उपलब्ध आहेत.

प्रॉटेस्टंट परंपरेतील मराठी बायबलमध्ये दानीएलाचे पुस्तक बाराव्या अध्यायाला संपते, म्हणून ज्यांच्या घरी ती आवृत्ती आहे त्यांना ही कथा सापडणार नाही. त्यांनी कॅथोलिक आवृत्ती पाहावी.

आपल्या उपासनेत मात्र सुझान्ना आणि योहानातील ती अनामिक स्त्री एकमेकींना भेटतात. प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी पहिले वाचन सुझान्नेचे असते, आणि शुभवर्तमान योहानाच्या आठव्या अध्यायाच्या पहिल्या अकरा ओव्यांचे. एक निष्पाप, दुसरी दोषी. दोघींभोवती आरोप करणारे वडीलधारे पुरुष. एका कथेचा मूळ हिब्रू पाठ उपलब्ध नाही, दुसरीला जुन्या ग्रीक हस्तलिखितांत जागा नाही. उपासनेच्या 'क' वर्षात या अकरा ओव्या आदल्या रविवारीच वाचल्या जातात, जसे ६ एप्रिल २०२५ रोजी झाले. अशा वर्षी सोमवारी त्याच अध्यायाच्या बाराव्या ओवीपासून वाचन होते, म्हणजे पपायरस ७५ मध्ये बावन्नाव्या ओवीनंतर जी ओवी येते, तिच्यापासून.